"कधी मिळेल?" आणि लीड टाइम चार्ट: नव्याने सुरुवात करणाऱ्या टीमसाठी

प्रॉडक्ट ओनरने (कोणतं काम आधी करायचं ते ठरवणाऱ्याने) "हे कधी मिळेल?" असं विचारलं की आपल्या तोंडून आपसूक निघतं, "दोन दिवसांत." आपण थाप मारत नसतो. काम खरंच दोन दिवसांचं असतं. पण कोड लिहून होतो तेव्हा रिव्ह्यूला कोणी मोकळं नसतं, रिव्ह्यू होतो तेव्हा टेस्टिंगचं एन्व्हायर्नमेंट पडलेलं असतं, ते उभं राहतं तेव्हा क्लायंटकडचा माणूस रजेवर असतो, आणि तो परत येईस्तोवर या आठवड्याची रिलीज निघून गेलेली असते. दोन दिवसांचं काम महिनाभराने पोचतं आणि त्या महिन्यात कोणीच आळस केलेला नसतो.

ही सगळी वाट बघणी एका चित्रात दिसावी म्हणून लीड टाइम चार्ट काढतात. त्यासाठी नवं टूल घ्यायची गरज नाही. बोर्डावरच्या (कामांची कार्डं 'रेडी', कोडिंग, टेस्टिंग अशा कॉलमांतून सरकतात तो फळा) तारखा, एक्सेल आणि एखादी दुपार एवढं पुरतं.

घड्याळ कधी सुरू, कधी बंद

लीड टाइम म्हणजे काम मागितल्यापासून ते वापरणाऱ्याच्या हातात पडेपर्यंतचा काळ. वाक्य सोपं आहे, भांडण 'मागितलं' कधी धरायचं यावर होतं. अझूर डेव्हऑप्स आणि जिरा ही कामांची नोंद ठेवणारी टूल्स. अझूरच्या विजेटमध्ये लीड टाइम तिकीट, म्हणजे कामाची नोंद, तयार झाल्यापासून मोजतात आणि सायकल टाइम काम प्रत्यक्ष हातात घेतल्यापासून. जिराच्या कंट्रोल चार्टमध्ये तुम्ही जे कॉलम निवडाल त्यांत गेलेला वेळ दिसतो. डोराच्या (सॉफ्टवेअर पोचवण्याच्या कामाचा अभ्यास करणारा संशोधन गट) मोजमापांत जो लीड टाइम येतो, तो कोड कमिट झाल्यापासून प्रोडक्शनपर्यंतचा, म्हणजे प्रत्यक्ष वापरात जाईपर्यंतचा. म्हणजे तिघांचं नाव जवळपास एक, मोजणं तीन तऱ्हेचं. शेजारच्या टीमचा लीड टाइम तुमच्या निम्मा आहे असं कोणी ऐकवलं, तर मनाला लावून घेण्याआधी त्यांचं घड्याळ कुठून सुरू होतं ते विचारा.

नव्या टीमने सुरुवात 'रेडी' कॉलमपासून धरावी असं माझं मत आहे. "हे आम्ही करणार" असं टीमने ज्या दिवशी म्हटलं, तो दिवस. तिकीट तयार झाल्याची तारीख धरली तर बॅकलॉगच्या (पुढे करायच्या कामांच्या यादीच्या) तळाशी दोन-दोन वर्षं पडून असलेल्या इच्छाही मोजल्या जातात, आणि त्यांचा टीमच्या कामाशी काही संबंध नसतो.

शेवट मात्र प्रोडक्शनलाच धरा. 'डेव्ह डन'ला नाही, 'क्यूए पास'लाही (टेस्टिंग झालं तिथेही) नाही. इथे टीम कुरकुरते. "रिलीज आमच्या हातात नाही, मग ते दिवस आमच्या माथी का?" तक्रार रास्त आहे, पण चार्ट कोणाच्या माथी मारण्यासाठी काढतच नाही आहोत. वापरणाऱ्याला फीचर मिळेपर्यंत किती दिवस गेले, एवढंच बघायचंय.

किरकोळ तीन गोष्टीही पहिल्याच दिवशी ठरवून टाका, नाहीतर दर महिन्याला त्यावर अर्धा तास जातो. दिवस कॅलेंडरचे मोजा, कारण वाट बघणाऱ्याचा शनिवार-रविवारही जातोच. सकाळी घेतलेलं काम संध्याकाळी लाइव्ह गेलं तर तो शून्य दिवस नव्हे, एक दिवस. म्हणजे शेवटच्या तारखेतून पहिली वजा करून त्यात एक मिळवायचा. आणि तिकीट मागच्या कॉलममध्ये परत गेलं तरी सुरुवात पहिल्या वेळचीच धरायची. रद्द केलेली तिकिटं वगळा.

तारखा काढणं

सगळ्यात कंटाळवाणा भाग हाच, आणि चुकाही इथेच होतात. जिरातून साधी सीएसव्ही काढली तर तिकीट कधी तयार झालं आणि कधी रिझॉल्व्ह झालं ते मिळतं. 'रेडी'मध्ये कधी आलं ते त्यात नसतं. ते तिकिटाच्या हिस्टरीत असतं. एपीआयवरून स्क्रिप्टने काढता आलं तर उत्तम. नाहीतर पहिल्या खेपेला मागच्या दोन महिन्यांतली तीस-चाळीस तिकिटं एकेक उघडून हाताने तारखा उतरवून घ्या. ऐकायला हे मागासलेलं वाटतं, पण उतरवता उतरवताच निम्म्या गोष्टी कळतात. "अरे, हे तर अकरा दिवस रिव्ह्यूला पडलं होतं!" असे उद्गार तेव्हाच येतात.

एक खड्डा आधीच दाखवून ठेवतो. लॅपटॉपचं रीजन अमेरिकेचं असेल तर एक्सेल ३ एप्रिलची ०३/०४ ही तारीख ४ मार्च समजतं. मग १३ तारखेच्या आतल्या तारखा उलट्यापालट्या होतात आणि त्यापुढच्या नुसता मजकूर म्हणून पडून राहतात. लीड टाइम उणे आलेला दिसला की समजा हेच झालंय. यावर साधा उपाय म्हणजे वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असं लिहिणं.

ठिपके, रेघ नव्हे

आता स्कॅटर चार्ट काढा. आडव्या अक्षावर तिकीट पूर्ण झाल्याची तारीख, उभ्या अक्षावर त्याला लागलेले दिवस. एका तिकिटाला एक ठिपका. हे ठिपके रेघेने जोडायचा मोह होईल, जोडू नका. दोन तिकिटं ही दोन वेगळी कामं असतात, त्यांच्यामध्ये रेघ ओढली की नसलेला चढ-उतार दिसायला लागतो.

जिराच्या कंट्रोल चार्टवर मधून सरासरीची रेघ आणि भोवती निळसर पट्टा येतो. हा पट्टा स्टँडर्ड डेव्हिएशनचा, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते दाखवणारा. कंट्रोल चार्टची कल्पना वॉल्टर शूहार्टने १९२४ मध्ये मांडली ती कारखान्यातल्या मालाच्या दर्जासाठी. आपली तिकिटं मात्र दोन्ही बाजूंना सारखी पसरत नाहीत: खाली एका दिवसाची भिंत असते, वर आभाळ मोकळं. त्यामुळे त्या पट्ट्यावर फार विसंबू नका. पर्सेंटाइलच्या (किती टक्के कामं तेवढ्या दिवसांत झाली ते सांगणाऱ्या) दोन आडव्या रेघा आपल्या जास्त कामाच्या.

सरासरी का फसवते

पुढचे वीस आकडे मी नव्या लोकांना समजावताना वापरतो. शिकवण्यापुरते जुळवलेत, पण असे बोर्ड आयटीत कुठेही सापडतील. एका महिन्यात संपलेली वीस तिकिटं, लागलेल्या दिवसांप्रमाणे लावून:

२, ३, ३, ४, ४, ५, ५, ६, ६, ७, ८, ८, ९, १०, ११, १२, १४, १९, ३१, ४३

बेरीज २१०, सरासरी साडेदहा दिवस. "दोन दिवसांत" झालेलं तिकीट वीसमध्ये एकच. पण सरासरीकडेच बघा. क्लायंटला "साधारण अकरा दिवस" असं सांगितलं, तर पाच तिकिटं त्या तारखेपुढे जातात. वीसात पाच, म्हणजे दर चौथ्या वेळी शब्द मोडला. मधला आकडा साडेसात दिवसांचा. म्हणजे निम्मी कामं आठवड्याभरात उरकतात आणि टोकाची दोन-तीन कामं सरासरीला ओढून वर नेतात.

कोथरूडहून हिंजवडीला जाणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. महत्त्वाची मीटिंग असेल तर तो सरासरी वेळ धरून निघत नाही. पावसाचा दिवस, चांदणी चौक, वाकडचा सिग्नल हे सगळं धरून "एवढ्यात बहुतेक वेळा पोचतोच" असा अंदाज बांधतो आणि तेवढा आधी निघतो. ८५ पर्सेंटाइल म्हणजे हाच अंदाज, फक्त आकड्यात. आपल्या यादीत वीसपैकी सतरा कामं १४ दिवसांत झाली, म्हणजे ८५ टक्के. एक्सेलचं पर्सेंटाइल फंक्शन याच यादीवर १४.७५ दाखवेल, कारण ते दोन आकड्यांच्या मधली जागा काढतं. घोळ न घालता १५ धरा.

म्हणून चार्टवर दोन रेघा ओढायच्या: ५० पर्सेंटाइलची (म्हणजे मधल्या आकड्याची) आणि ८५ पर्सेंटाइलची. खालची रेघ टीमला स्वतःच्या माहितीसाठी, वरची बाहेरच्यांना शब्द देण्यासाठी. "आम्ही असं काम हातात घेतलं की शंभरात पंच्याऐंशी वेळा ते पंधरा दिवसांत लाइव्ह जातं" हे वाक्य "दोन दिवसांत"पेक्षा ऐकायला कमी गोड आहे, पण प्रॉडक्ट ओनरला त्यावर पुढचं काही ठरवता येतं.

ठिपक्यांची नक्षी

चार्ट समोर आला की आकड्यांआधी नुसती नक्षी बघा.

ठिपके दर दोन आठवड्यांनी एकाच तारखेवर उभे रचलेले दिसत असतील, तर कामं सुटी सुटी न जाता गठ्ठ्याने लाइव्ह जातायत. स्प्रिंट (ठरावीक आठवड्यांची कामाची फेरी) संपताना किंवा रिलीजच्या दिवशी. याचंच एक फसवं रूप असतं: काम वेळेवर झालेलं असतं, पण शुक्रवारी संध्याकाळी कोणीतरी आठवडाभराची तिकिटं एकदम 'डन'ला सरकवतं. म्हणून आधी विचारा, मग निष्कर्ष काढा.

ठिपके महिनोन्महिने वर वर चढत असतील, तर संपणाऱ्या कामांपेक्षा सुरू होणारी कामं जास्त आहेत. बोर्ड भरत चाललाय. यावर पुढे बोलू.

मध्येच दोन आठवडे कोरी जागा आणि मग ठिपक्यांचा पाऊस असेल तर एन्व्हायर्नमेंट बंद होतं, रिलीज फ्रीज (नवं काही लाइव्ह न करण्याचा काळ) होता, किंवा दिवाळी होती. त्याला काही करायचं नसतं, चार्टवर फक्त टीप लिहून ठेवायची.

तळाशी एक-एक दिवसाचे ठिपके खच्चून भरलेले दिसले तर मात्र मी आनंद मानत नाही. एक तर टीम सतत हॉटफिक्सच्या (तातडीच्या दुरुस्त्यांच्या) मागे धावतेय आणि बाकीची कामं त्यापायी खोळंबतायत, नाहीतर लोक काम झाल्यावर तिकीट उघडतायत.

सगळ्यात वरचा ठिपका उघडून बघणं

चार्टचा खरा उपयोग इथे होतो, म्हणून थोडा वेळ थांबू. दर रेट्रोला (झालेल्या कामाकडे मागे वळून बघायच्या मीटिंगला) ८५च्या रेघेच्या वर गेलेले दोन किंवा तीन ठिपके घ्यायचे आणि त्या तिकिटाचा प्रवास फळ्यावर मांडायचा. आपल्या यादीतलं ४३ दिवसांचं तिकीट घेऊ. मागणी क्षुल्लक: रिपोर्टच्या एक्सपोर्टमध्ये एक कॉलम वाढवा. त्याचे ४३ दिवस असे गेले: 'रेडी'मध्ये ४, कोडिंग ३, रिव्ह्यूची वाट ६, टेस्टिंग २, क्लायंटच्या यूएटीची (क्लायंटने स्वतः तपासून होकार देण्याची) वाट १९, रिलीजची वाट ९.

कोणाचा तरी हात लागलेले दिवस पाच. उरलेले अडतीस दिवस तिकीट नुसतं बसून होतं. फळ्यावर हे मांडलं की डेव्हलपरला "तू फास्ट कोड लिही" असं सांगण्यात काय राम आहे ते सगळ्यांना एकदम कळतं. त्याने तीनाचा दीड दिवस केला तरी ४३चे साडेएकेचाळीस होणार. यूएटीसाठी क्लायंटकडून दर बुधवारी एक तास ठरवून घेतला, तर तेवढ्यानेच दोन आठवडे वाचू शकतात. हे मागायला कोणी गेलेलंच नसतं, कारण यूएटीत एकोणीस दिवस जातात हे कोणी मोजलेलं नसतं.

३१ दिवसांच्या तिकिटाची गोष्ट वेगळी. ज्याच्या नावावर ते होतं तो गणपतीला कोकणात गेला. जाताना काम ऐंशी टक्के झालं होतं. तिकीट 'इन प्रोग्रेस'मध्ये त्याच्या नावावर तसंच राहिलं, स्टँडअपला (रोजच्या छोट्या मीटिंगला) त्याचा नंबर आला की "तो रजेवर आहे" असं म्हणून सगळे पुढे जात. कोणीही ते उचललं नाही, कारण दुसऱ्याच्या नावाच्या तिकिटाला हात लावणं आपल्याकडे आगाऊपणा समजतात. इलाज एका ओळीचा: रजेवर जाताना हातातलं तिकीट कोणाच्या तरी नावावर करूनच जायचं.

असे दोन-तीन ठिपके उघडले की तीच ती कारणं परत परत भेटायला लागतात. मग तिकिटांऐवजी त्या कारणांच्या मागे लागा.

हातातली कामं कमी करणं

जॉन लिटलने १९६१ मध्ये रांगांबद्दलचा एक नियम सिद्ध केला. आपल्या भाषेत: सरासरी लीड टाइम म्हणजे हातात असलेली कामं भागिले कामं संपायचा वेग. बोर्डावर २४ तिकिटं चालू असतील आणि आठवड्याला ८ संपत असतील, तर एका तिकिटाला सरासरी तीन आठवडे लागणार. वेग तोच ठेवून चालू तिकिटं १२ वर आणली तर दीड आठवडा. माणसं वाढवली नाहीत, ओव्हरटाइम केला नाही. अट एवढीच, की जितकी कामं आत येतात साधारण तितकीच बाहेर पडायला हवीत आणि सुरू केलेलं अर्धवट सोडायचं नाही.

नवख्यांना हे उलटं वाटतं. सगळे कामात असताना नवीन काम घ्यायचं नाही, मग मोकळा झालेला माणूस करेल काय? तो रिव्ह्यू करेल. अडकलेलं तिकीट सोडवेल. टेस्टरच्या शेजारी बसेल. प्रत्येक कॉलमवर आकडा लिहा, समजा रिव्ह्यूला तीन, टेस्टिंगला तीन, आणि चौथं आत घ्यायच्या आधी एक बाहेर काढा.

सॉफ्टवेअरमध्ये कानबानची (बोर्ड आणि हातातल्या कामांवर अशी मर्यादा असलेल्या पद्धतीची) सुरुवात म्हणून जी गोष्ट सांगतात, तीही आपल्या जवळचीच आहे. २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या आयटी विभागासाठी हैदराबादेतून मेंटेनन्सचं काम करणारी एक छोटी टीम होती. बदलाची विनंती पूर्ण व्हायला त्यांना सुमारे पाच महिने लागत. कानबान पुढे लोकप्रिय करणाऱ्या डेव्हिड अँडरसनच्या मदतीने बघितलं तेव्हा लक्षात आलं की टीमच्या वेळाचा मोठा हिस्सा एस्टिमेट देण्यात जातोय, आणि एस्टिमेट दिलेल्या कितीतरी विनंत्या पुढे कधी होतच नाहीत. त्यांनी एस्टिमेट देणं बंद केलं, हातातल्या कामांना मर्यादा घातली, आणि वर्षभराच्या आत तोच काळ दोन-तीन आठवड्यांवर आला.

रोजच्या स्टँडअपला

लीड टाइम चार्ट संपलेली कामं दाखवतो, म्हणजे बातमी कळेस्तोवर उशीर झालेला असतो. त्यामुळे चालू तिकिटांचं वय रोज बघायचं. कार्डावर "आज दिवस ९" असं दिसू द्या. पंधराची रेघ असलेल्या टीममध्ये नऊ दिवसांचं तिकीट अजून कोडिंगमध्येच असेल, तर स्टँडअपला पहिला विषय तोच. माणसांनी गोल उभं राहून "काल मी हे केलं" सांगण्याऐवजी बोर्डाच्या उजव्या टोकापासून डावीकडे चालत या आणि प्रत्येक म्हाताऱ्या तिकिटाला एकच प्रश्न विचारा: हे आज पुढे सरकायला काय लागेल? आमचा स्टँडअप यामुळे पंचवीस मिनिटांवरून बारावर आला आणि "झालंच, टेस्टिंगला आहे" हे वाक्य सलग चार दिवस ऐकू येणं बंद झालं.

अप्रेझलपासून लांब

एका जुन्या नोकरीत आमच्या मॅनेजरला हा चार्ट फारच आवडला. इतका, की पुढच्या तिमाहीत त्याने प्रत्येकाचा स्वतंत्र लीड टाइम काढून अप्रेझलच्या शीटमध्ये टाकला. महिन्याभरात चार्ट देखणा झाला. सगळे ठिपके खाली आले. लोक काम संपत आलं की मग तिकीट 'रेडी'ला आणत होते, मोठ्या कामाचे सात तुकडे करत होते, आणि किचकट बगला कोणी हात लावत नव्हतं. क्लायंटला मात्र फीचर आधीइतक्याच उशिराने मिळत होतं, आणि आता कारण शोधायला खरे आकडेही उरले नव्हते. तेव्हापासून मी ठिपक्यांवर माणसांची नावं येऊ देत नाही. एखादा वरिष्ठ मागायला आला तर त्याला ४३ दिवसांच्या तिकिटाचा फळ्यावरचा फोटो दाखवतो.

चालू ठेवणं

चार्ट महिन्यातून दोनदा ताजा करा आणि त्यात मागच्या तीन महिन्यांचीच तिकिटं ठेवा. वर्षापूर्वीची टीम, तिची माणसं आणि तिची रिलीजची पद्धत आता राहिलेली नसते. बग आणि नवी फीचर्स यांचे ठिपके वेगळ्या रंगात घ्या. पण पाच-सहा प्रकार पाडू नका, मग प्रत्येकात चार ठिपके उरतात आणि चारांवरून काही म्हणता येत नाही.

कामाच्या पद्धतीत काही बदललं की त्या तारखेला चार्टवर एक उभी रेघ मारून शेजारी लिहा: 'बुधवारी यूएटी सुरू'. रेघेच्या उजवीकडे निदान पंधरा-वीस ठिपके जमू द्या, मग दोन्ही बाजूंची ८५ची रेघ वेगवेगळी काढून बघा. उजवीकडची खाली आली नसेल तर बदल मागे घ्या आणि वरचा पुढचा ठिपका उघडा.